कुंकवाचा अर्धा ठिपका

मित्रांनो, मी एक जुना प्रोसेसर आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, आज माझं डोकं तापलेलं आहे. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकंच. आकाराने काड्यापेटीएवढा, वर चकचकीत टोपी, खाली हिरवी पाटी. तुम्ही कळ दाबता, पडद्यावर अक्षर उमटतं, आणि या दोन्हींच्या मध्ये जो राबतो तो मी. माझं तोंड मात्र कुणाला दिसत नाही, कारण डोक्यावर सदा पंखा घरघरत असतो. म्हणून तर मला गुपचूप उचलून नेता आलं. पण ते पुढे. नाहीतर म्हणाल, म्हाताऱ्याने रडगाण्यापासूनच सुरुवात केली.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात, वाळूपासून झाला. तिथली स्वच्छता काय सांगू! धुळीचा कण उडाला तरी गहजब. आणि नशीब बघा, नांदायला आलो मिरजगावात, हमरस्त्याच्या कडेला, पिठाच्या गिरणीला खेटून. एका बाजूने ट्रकचा धुरळा, दुसऱ्या बाजूने ज्वारीचं पीठ. तरी मी कधी कुरकुर केली नाही. कारण जिच्या घरी आलो, ती सत्यशीलाबाई लाखात एक होती.

सत्यशीलाबाईने शिवणकाम सोडून टायपिंगचं दुकान टाकलं, त्याला आता अकरा वर्षं झाली. दुकानाला नाव मुलीचं दिलं, राजनंदिनी टायपिंग सेंटर. नगरच्या महेंद्र नावाच्या दुकानदाराने तिच्या डोळ्यांदेखत मशीन जोडलं. मला चिमटीत धरून तो जागेवर ठेवणार, तोच बाई म्हणाली, "थांबा भाऊ." आणि पर्समधून ओल्या कुंकवाची बाटली काढली.

"अहो ताई, हा काय पाटा-वरवंटा आहे? जळून जाईल तो!"

"नवी वस्तू हाय. कुंकू न लावता कशी बसवायची?"

महेंद्रने कपाळावर हात मारला. शेवटी माझ्या हिरव्या पाटीचा एक रिकामा कोपरा त्याने दाखवला, आणि बाईने काडीने तिथे मोहरीच्या दाण्याएवढा ठिपका लावला. वर पंखा बसला, झाकण लागलं. तो ठिपका मग कुणाला दिसला नाही. मला मात्र तो रोज आठवायचा.

मी चार कोअरचा आहे. म्हणजे एका डोक्यात चार गडी. एक फॉर्मची साइट सांभाळायचा, दुसरा स्कॅनरकडे बघायचा, तिसरा फोटो लहान करायचा, चौथा प्रिंटरला कागद पुरवायचा. लग्नपत्रिका म्हणू नका, सातबारे म्हणू नका, पोरांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज म्हणू नका, दहा वर्षं मी मान वर केली नाही. बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझं मशीन लई गुणाचं. कधी नाडलं न्हाई मला." खंडेनवमीला कैची, स्टेपलर आणि माझा डबा ओळीने मांडून ती हळदकुंकू वाहायची. अशा वेळी ऊर भरून यायचा, खोटं कशाला बोलू?

त्याच गावात गोरक्ष होता. कॉम्प्युटर दुरुस्ती शिकून आला तेव्हा त्याला कुत्रंही विचारत नव्हतं. बाईला सख्खा भाऊ नाही. तिने याला राखी बांधली, स्वतःची गिऱ्हाइकं त्याच्याकडे धाडली. त्याच्या दुकानाची पाटी मीच टाईप केली, "गोरक्ष कॉम्प्युटर्स. विश्वास हीच आमची ओळख." 'विश्वास' हा शब्द ठळक हवा म्हणून त्याने तीनदा बदलून घेतला होता. अजून एकेक अक्षर लक्षात आहे माझ्या.

गेल्या दसऱ्याच्या आधीची गोष्ट. पूजेआधी मशीन स्वच्छ करायचं म्हणून बाईने डबा गोरक्षकडे पाठवला. त्याने झाकण काढलं, पीठ झटकलं, पंखा उतरवला आणि माझ्याकडे बघत राहिला. त्याला लग्नाचे व्हिडिओ करायचा नवा धंदा सुरू करायचा होता आणि त्याच्या मशीनमध्ये होता दोन कोअरचा प्रोसेसर. व्हिडिओ म्हटला की त्या बिचाऱ्याला धाप लागायची. आम्ही दोघं एकाच मापाचे, एकाच खोबणीत बसणारे. गोरक्षने मला उपटलं, आपल्या डब्यात बसवलं, आणि त्याला माझ्या जागी ढकललं. उपटतानाच माझ्यावरचा लाल ठिपका त्याला दिसला होता. घाण समजून त्याने नखाने खरवडला. अर्धा गेला, अर्धा राहिला. पाच मिनिटांत दहा वर्षांचं घर सुटलं, मित्रांनो! केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

मशीन सुरू होताना आत कोण आहे ते पडद्यावर लिहून येतं. पण ते वाचतो कोण? बाईने डबा घरी नेला आणि खंडेनवमीला त्याला मनोभावे कुंकू वाहिलं. आत मी नव्हतोच. माझीही पूजा झाली म्हणा, पण चोराच्या घरी.

पुढचे आठ-नऊ महिने मी हळदीचे आणि वरातीचे व्हिडिओ करत तापत राहिलो. त्या कमाईवर गोरक्षने नवंकोरं मशीन मागवलं आणि मी कोपऱ्यात गेलो. अशात जुलैच्या एका सकाळी दुकानात ओळखीचा आवाज आला.

"गोरक्षा, मशीन लई रडवतंय रं. भामाबाईच्या अश्विनीचा नर्सिंगचा फॉर्म ऱ्हायला. शेवटच्या दिवशी कागद घिऊन आली बिचारी. चार कागद चढवायचे हुते, तर हे गोल गोल फिरत बसलं, अन् पाचला साइट बंद. पोरीचं वरीस गेलं. माझ्यासमोर रडली रं ती."

एवढं ऐकून तरी त्या भल्या माणसाच्या तोंडून खरं निघायला हवं होतं. तो काय म्हणाला? "ताई, जुनं झालं ते. म्हातारा बैल किती वढनार? माझं हे मशीन घिऊन जा तू. थांब, समोरासमोर दाखवतो."

दोन्ही डबे टेबलावर शेजारी मांडले. तिच्या डब्यात तो दोन कोअरचा, त्याच्या डब्यात मी. तीच साइट, तोच फोटो, तीच प्रिंट. बाई स्पेसबार अंगठ्याने ठोकते. पहिल्याच ठोक्याला मी हात ओळखला. मनात आलं, आज अडावं. आज असं रखडावं की हिने म्हणावं, दोन्ही सारखीच, मग फसवणूक कशी होईल? पण आमच्या कुळाला कामचुकारपणा येत नाही. दोन अधिक दोन विचारले की चार सांगायचे, मग विचारणारा चोर का असेना. मी झरझर काम उरकलं.

आणि शेजारचा? त्याला नावं ठेवणार नाही. नुसतं पत्र टाईप करायचं असतं, तर आम्हा दोघांत काही फरक कळला नसता. घरगुती कामाला दोन गडी पुष्कळ झाले. पण साइट, स्कॅनर, फोटो आणि प्रिंटर एकदम अंगावर आले की दोन गड्यांनी कुठे कुठे धावायचं? तो घामाघूम झाला आणि बाईच्या पडद्यावर पुन्हा ते गोल चक्कर फिरायला लागलं.

"माझंबी आधी असंच पळायचं," बाई माझ्या डब्यावर हात ठेवून म्हणाली. मग आपल्या डब्याकडे वळली. "धा वर्सं राबलं, अन् ऐन टायमाला दगा दिला मेल्यानं."

मित्रांनो, गोरक्षने चोरी केली तेव्हा मला राग आला होता. हे ऐकलं आणि आतून तुटलो. दगा मी दिला? मी, जो तिच्या हाताखालीच बसून ओरडत होतो की बाई, तो मीच! चोर सोडून संन्याशाला सुळी. आणि मला अपराधी ठरवायला पुरावा कुठला, तर माझंच चोख काम.

तर असा मी माझ्याच घरी नवा म्हणून परत आलो. तिचा डबा गोरक्षकडे गेला. तेच टेबल, तीच गिरणीची घरघर. बाईने नव्या डब्याला हळदकुंकू लावलं आणि गिऱ्हाइकांना सांगू लागली, "जुन्यानं दगा दिला. हे बघा कसं गुणाचं हाय!" एकाच वाक्यात शिवीही माझी, शाबासकीही माझीच. हसावं की रडावं?

पंधरा दिवसांनी राजनंदिनी सुट्टीला आली. ती नगरला डिप्लोमा करते. पंखा फार किंचाळतो म्हणून तिने डबा उघडला, पंखा काढला, माझ्या टोपीवरची, उष्णता वाहून नेणारी वाळलेली पेस्ट पुसली आणि मला उचलून उजेडात धरलं.

"आई, ह्याच्या कोपऱ्याला लाल काय लागलंय गं?"

बाईने चष्मा लावला. बोटाने तो ठिपका चाचपला. "कुंकू हाय ते. माझ्या हातचं हाय."

"मग आपल्या जुन्या मशीनमध्ये काय होतं?"

बाई पर्समधून तीच बाटली काढून उगीच हातात फिरवत राहिली. तीन दिवस दुकानाचं शटर खालीच होतं.

चौथ्या दिवशी राखीपौर्णिमा. गोरक्ष पेढ्यांचा बॉक्स घेऊन दरवर्षीसारखा हसत आला, पाटावर बसला आणि उजवा हात पुढे केला. बाईने ताटातून मला उचललं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

"वळखतोस का ह्याला?"

अर्धा ठिपका वरच्या बाजूला होता. गोरक्षने पटकन मूठ मिटली, जणू ठिपका झाकता येणार होता. खाई त्याला खवखवे!

"ताई, तुझ्या टायपिंगला दोन कोअर पुरतील असं वाटलं मला."

"मला किती पुरतं ते तू ठरवनार?" बाईचा आवाज चढला नाही, पण मी एवढ्या वर्षांत तिला असं बोलताना ऐकलं नव्हतं. "मागितला असतास तर दिला असता रं. बहीन हाय ना मी? आता अश्विनीचं वरीस परत आन. मग बांधते राखी."

मला ताटात परत ठेवून तो मान खाली घालून उठला. पेढे तिथेच राहिले, कुणी त्यांना हात लावला नाही.

बाईने मला पुसून पुन्हा जागेवर बसवलं. अर्ध्या ठिपक्याशेजारी नवा पुरा ठिपका लावला आणि पुटपुटली, "चुकलं माझं." पुढच्या जूनमध्ये अश्विनीचा फॉर्म पहिल्याच दिवशी भरायचा, असा कागद तिने भिंतीवर चिकटवलाय. तुम्हाला वाटेल, चला, गोड झालं. कसलं गोड? पोरीचं वर्ष गेलं ते गेलंच. आणि मला विचाराल, तर माझी धग अजून उतरलेली नाही. गोरक्षने फसवलं, ठीक आहे, तो चोरच. पण जिने मला कुंकू लावलं, तिनेही आळ घेण्याआधी एकदा झाकण उघडलं नाही.

आता एकच मागणं आहे. तो दोन कोअरचा गोरक्षने आणखी कुणाच्या तरी गळ्यात मारलाय. कुठे आहे, कुणाच्या शिव्या खातोय, कोण जाणे. तुमच्या घरचं मशीन रखडत असेल, तर त्याच्या पाठीत धपाटा घालू नका, मित्रांनो. झाकण उघडा. साचलेलं पीठ झटका. आत तो सापडला, तर त्याच्या अंगाला झेपेल तेवढंच काम द्या, पत्र लिहा, गणितं करा. आणि त्याला सांगा, तुझं काही चुकलं नव्हतं. मला हे कुणी वेळेवर सांगितलं नाही.