मूळपुरुषाची मुळी

ताईचं काम चोरणाऱ्या माणसाची बाटली तपासणीसाठी माझ्याच टेबलावर आली, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी मॅनेजरांकडे बघून हसले. एरवी मी त्यांच्याकडे बघून हसत नाही. ते दचकले आणि म्हणाले, "बरं आहे ना सगळं?"

"उत्तम आहे," मी म्हटलं.

आमची लॅब खासगी आहे. औषध कंपन्या नमुने पाठवतात आणि डब्यावर छापलेलं आत खरोखर आहे का, हे आम्ही सांगतो. काम रटाळ आहे, पण मला आवडतं, कारण तिथे कुणाच्या गोड बोलण्याला काही किंमत नाही. मशीनमधून नमुना सोडला की कागदावर एक रेष सरळ चालत राहते. एखादा घटक आला की ती उसळून वर जाते आणि पुन्हा खाली येते. त्या उंचवट्याला आम्ही पीक म्हणतो. प्रत्येक घटकाचं पीक आपापल्या वेळेला येतं, आणि ते कुणाच्या वशिल्याने आधी येत नाही.

ज्यांची बाटली आली होती ते गृहस्थ एका संशोधन संस्थेत विभागप्रमुख. त्यांचे विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'मूळपुरुष' म्हणत, कारण ते सगळी थोरवी एका वेलीच्या मुळीवर कमावून बसले होते. गुडघेदुखीवर चालणारी ही मुळी, आणि तिच्यात सापडलेला एक घटक. हा घटक जितका जास्त तितका अर्क कसदार, असं त्यांनी छापलं होतं. म्हणजे मुळी अस्सल की भेसळीची, हे त्या एका पीकवरून ठरवायचं. घटक नेमका काय आहे, हे शोधणं पुढच्या टप्प्यावर ठेवलं होतं, आणि मूळपुरुषांच्या राज्यात पुढचा टप्पा म्हणजे सत्कार.

ते पीक माझ्या ताईने शोधलं होतं. मुळ्या वाळवणं, कुटणं, सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे अर्क उतरवणाऱ्या द्रवात, भिजत घालणं, गाळणं, मशीनसमोर डोळे फोडत बसणं, सगळं तिने केलं. लेख छापून आला तेव्हा त्यावर मूळपुरुषांचं नाव होतं आणि त्यांच्या जावयाचं. जावयाने ती वेल कुंडीत तरी पाहिली होती की नाही, देव जाणे. ताई विचारायला गेली तर तिला खुर्चीसुद्धा मिळाली नाही. त्यानंतर तिची शिष्यवृत्ती वाढली नाही, प्रबंध अडला, आणि एक दिवस ती डबा घेऊन घरी आली ती पुन्हा गेलीच नाही. आता ती घरच्या पुढच्या खोलीत मुलांना केमिस्ट्री शिकवते. छान शिकवते. पण मूळपुरुषांची मुलाखत कुठे लागली की ती उठून आत जाते, आणि आई टीव्हीचा आवाज बंद करते. "सगळं मी माझ्या हातांनी केलं," असं ते दर मुलाखतीत सांगत. मी मात्र ती मुलाखत पूर्ण बघायचे, आवाजाशिवाय, दातओठ खात.

आता एका कंपनीला त्या मुळीच्या कॅप्सूल बाजारात आणायच्या होत्या. कंपनीने आपल्या कारखान्यात अर्क काढला, तर त्यात ते पीक येईना. मूळपुरुष म्हणाले, तुमची मुळी निकृष्ट. कंपनी म्हणाली, मुळी तुमच्याच बागेतली आहे. भांडण मिटवायला तीन नमुने आमच्याकडे आले: त्यांचा अर्क, कंपनीचा अर्क आणि नुसती वाळलेली मुळी.

मी सूड उगवायला बसले होते, आणि सूड उगवायचा तर काम चोख हवं. इतकं मन लावून मी कधी काचेची भांडी धुतली नव्हती. माझी खात्री होती की बुवाने अर्कात काहीतरी मिसळलं असणार. वेदनाशामक गोळी कुटून घातली असणार. ती मला सापडणार आणि मी त्यांना भर चौकात उघडं पाडणार, असे मी मनात मांडे खात होते.

तसं काही सापडलं नाही. त्यांच्या अर्कात ते पीक होतं, उंच आणि देखणं. कंपनीच्या अर्कात नव्हतं. मी स्वतः मुळी कुटून काचेच्या बाटलीत अर्क काढला, तर त्यातही नव्हतं. मग मी त्यांच्या अर्कातलं ते पीक दुसऱ्या मशीनवर नेलं, जिथे घटकाच्या रेणूचं वजन कळतं. आलेला आकडा बघून मी खुर्चीत मागे रेलले. तो आकडा आमच्या धंद्यात प्रत्येकाला तोंडपाठ असतो, कारण तो आम्हाला सारखा छळतो. प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात एक तेलकट रसायन घालतात, त्याचा तो आकडा. मऊ प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये सॉल्व्हंट ठेवलं की हे रसायन हळूहळू त्यात उतरतं. म्हणजे मूळपुरुषांच्या मुळीतला तो थोर घटक मुळीत नव्हताच, कॅनमध्ये होता! अर्क जितका जास्त दिवस कॅनमध्ये पडून राहील तितका तो 'कसदार'. आणि हे लोकांच्या पोटात घालायला निघाले होते, वर जास्तीत जास्त घालायला.

मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर हात दाबून हसले. भेसळ काय, भेसळ कुणीही करतो. पण आयुष्यभर प्लॅस्टिकचा सत्कार स्वीकारत हिंडलेला माणूस मला आयता मिळाला होता. हात धुताना मी त्यांचा चेहरा कसा पडेल ते आरशात करून बघत होते, आणि मधेच थांबले.

ते पीक ताईचं होतं.

तिच्या वेळीही अर्क असल्याच कॅनमध्ये असणार. मूळपुरुषांनी चोरलं ते हेच. वर्षानुवर्षं ताई ज्याच्या नावाने आत उठून जात होती, आई ज्याच्यासाठी टीव्ही गप्प करत होती, मी ज्याच्यासाठी बोटं मोडत होते, ते सगळं हेच. मी त्यांना संपवणार, तर आधी हे संपणार. घरी जाताना मी दोनदा ठरवलं की ताईला सांगायचं नाही, आणि दार उघडताच सांगून टाकलं. माझ्या पोटात काही राहत नाही.

ताई मुलांच्या वह्या तपासत होती. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "शक्य नाही. मी ब्लँक चालवला होता."

ब्लँक म्हणजे नुसतं कोरं सॉल्व्हंट मशीनमधून सोडून बघायचं, त्यात काही वर येत नाही ना याची खात्री करायला. ही आमची पहिली शिकवण.

"कशातून घेतला होतास?" मी विचारलं.

"बाटलीतून."

"काचेच्या?"

"मग काय मातीच्या?" ती चिडून म्हणाली. "सॉल्व्हंट काचेच्याच बाटलीत येतं."

"आणि अर्क?"

तिने लाल पेनाचं टोपण लावलं. विभागातल्या मोठ्या बाटल्या फुटल्या होत्या, नव्या मागवायला मूळपुरुष सही करत नव्हते, म्हणून अर्क कॅनमध्ये भरून ठेवत, हे तिनेच मला पूर्वी सांगितलं होतं. ब्लँक काचेतून आणि नमुना प्लॅस्टिकमधून. चूक एवढीच होती, आणि ती कुणीही करू शकतं. मी तसं म्हटलंही.

"कुणीही नाही," ताई म्हणाली. "मी केली."

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर लॅबमध्ये आली. मॅनेजर बाहेरगावी होते. तिने माझा जादाचा कोट चढवला, बाह्या दुमडल्या आणि मला बाजूला केलं. तसल्याच मऊ प्लॅस्टिकचे तुकडे तिने नुसत्या सॉल्व्हंटमध्ये टाकले, गरम पाण्यात धरून ठेवले आणि ते सॉल्व्हंट मशीनमध्ये सोडलं. मुळीचा एक कणसुद्धा त्यात नव्हता. आम्ही दोघी पडद्यासमोर बसलो. रेष सरळ चालली होती. मग ती उसळली, जिथे उसळायची तिथेच.

"हेच," ताई म्हणाली. "अगदी हेच. पीकचा खांदासुद्धा तसाच आहे बघ, डावीकडे."

तिच्या आवाजात ओळख पटल्याचा आनंद होता, आणि तो ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "ताई, तू म्हणशील तर मी हे काम दुसऱ्याकडे देते. मला अहवालावर सही करवत नाही."

"वेडी आहेस का? लोकांनी हे गिळायचं?" तिने कोट काढून त्याची नीट घडी केली. "सही कर."

मी सही केली. दुसरी सही लागते ती मी मुद्दाम आमच्यातल्या सगळ्यात खडूस केमिस्टकडून घेतली, म्हणजे कुणी माझ्या हेतूकडे बोट दाखवायला नको. त्याने सगळं काम स्वतः पुन्हा केलं आणि नाक मुरडत म्हणाला, "कुठल्या गाढवाचं आहे हे?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गाढव मूळपुरुष होते असं मला मोठ्याने म्हणायचं होतं, पण त्या वाक्यात आता ताईही येत होती.

पुढचं फार भराभर झालं. कंपनीने हात वर केले. संस्थेने चौकशी समिती नेमली. जावयाने आपण फक्त भाषा सुधारली होती असं सांगून अंग काढून घेतलं. मूळपुरुषांची पाचावर धारण बसली आहे, अशी बातमी ताईच्या एका जुन्या मैत्रिणीने दिली, आणि त्या संध्याकाळी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आणि मग ते आमच्या घरी आले.

पुढच्या खोलीत मुलांचा बाक सोडून बसायला काही नव्हतं. ते त्या बुटक्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसले. मी दारात उभी राहिले. आईने आत भांडी आपटायला सुरुवात केली होती.

"मी जास्त वेळ घेत नाही," ते म्हणाले. "झालं ते वाईट झालं. तुझ्यावर अन्याय झाला हे मी मान्य करतो. ते काम तुझं होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत तुझंच होतं."

ताई फळ्याजवळ उभी होती. तिच्या हातात डस्टर होतं.

"समितीपुढे मी तसं लेखी द्यायला तयार आहे," ते म्हणाले. "लेखाची दुरुस्ती छापू. त्यात तुझं नाव घालू. पहिलं."

"पहिलं?" ताईने विचारलं.

"हो, पहिलं. माझं मागे. तू फक्त समितीसमोर येऊन सांग की अर्क तू काढलास, कॅन तू वापरलास. तेवढंच. तुला काय, तुझी नोकरी नाही, तुझं काही जायचं नाही."

मला त्यांना बाकासकट उचलून रस्त्यावर फेकावंसं वाटलं. आयुष्यभर जे नाव द्यायला हात आखडला, ते आता ताटात वाढून आणलं होतं, कारण त्यात विष निघालं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात माझी नजर ताईकडे गेली आणि मी घाबरले. ती विचार करत होती. खरोखर विचार करत होती. तिचे ओठ किंचित हलले, स्वतःचं नाव छापलेलं कसं दिसेल ते वाचत असल्यासारखे.

मग तिने डस्टर खाली ठेवलं.

"सर, चूक माझीच होती," ती म्हणाली. "कुणी मला विचारलं तर मी तसं सांगेन, लपवणार नाही. पण तुमच्या बाजूने यायची नाही. तुम्ही ते काम एकदा जरी स्वतः करून पाहिलं असतं तर तुम्हाला कळलं असतं. तुम्ही ते न बघता उचललंत. माझं सगळं नेलंत असं मी समजत होते, त्यात माझी चूकसुद्धा नेलीत. आता ती तुमच्याकडेच राहू द्या."

"अगं, पण माझी सगळी कारकीर्द..."

"माझीही होती," ताई म्हणाली. "उठा. मुलं येतील, त्यांना बाक लागतो."

त्यांना त्या बाकावरून धड उठता येईना. एका हाताने भिंत धरून ते उठले, गुडघे चोळले आणि चपला शोधत बाहेर पडले. मी दार लावलं, आणि मला मनापासून, पोट धरून हसू आलं. आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "गेला का मेला?" मी तिला मिठीच मारली. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो सूड असा आमच्या दारात चालत आला होता, आणि ताईने मूळपुरुषांना जागच्या जागी गारद केलं होतं.

ताई बाकावर जाऊन बसली होती, ते बसले होते तिथेच.

"काय झाडलंस त्याला!" मी म्हटलं. "आता मरेपर्यंत विसरायचा नाही."

"पहिलं म्हणाला ना तो," ताई म्हणाली, "तेव्हा मला घ्यावंसं वाटलं गं. सगळं खोटं आहे हे माहीत असून घ्यावंसं वाटलं."

माझं हसू तिथेच आटलं. मी धावत खिडकीशी गेले. मला त्याला परत बोलवायचं होतं, पुन्हा त्या बाकावर बसवायचं होतं आणि या वेळी मला स्वतः बोलायचं होतं. पण तो केव्हाच रस्ता ओलांडून गेला होता.