सज्ज्यातली मुलगी

लग्नाआधी मी एका सिनेमात सज्ज्यात उभी होते, असं आई जन्मभर सांगत आली आणि आत्या जन्मभर हसत आली. टीव्हीवर तो सिनेमा लागला की सज्ज्यात नुसते पुसट ठिपके दिसायचे. "यातला कुठला ठिपका तू, वहिनी?" आत्या विचारायची. मुलालाही ती आईची थापच वाटायची.

आता तोच सिनेमा ब्लू-रेवर आला होता, गालावरचा तीळ दिसेल इतका स्वच्छ. डिस्क मुलाच्याच कंपनीने काढली होती आणि काम केलं होतं खुद्द मुलाने. आईने आत्याला मुद्दाम बोलावून घेतलं. "एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे," म्हणाली, आणि चष्मा पुसून अगदी पुढच्या खुर्चीत बसली.

जुना सिनेमा चौकोनी, आताचे टीव्ही आडवे. बाजूला काळे पट्टे दिसले की गिऱ्हाईक बोंब मारतं, म्हणून साहेबांचा हुकूम: पडदा भरा. म्हणजे चित्र मोठं करायचं आणि वरचं नाहीतर खालचं कापून टाकायचं. काय कापायचं ते दर दृश्यात मुलगाच ठरवायचा. साहेब एवढंच बजावायचे, नायकाचे पाय तुटता कामा नयेत.

नायक रस्त्यात आला. बूट काय चकचकीत! पायाखालचा खडान्‌खडा दिसत होता. वर सज्ज्याचा कठडा, कठड्यावर हात. हातांच्या वर काहीच नाही.

"तो बघा, तो माझा हात!" आई ओरडली.

"अगं बाई, हात काय कुणाचाही असतो," म्हणत आत्या पोट धरधरून हसली.

मुलाला एकदम उलगडलं. ती मुलगी त्याने पाहिली होती की! मूळ चित्रात अख्खी होती, गालाला खळी पाडून हसणारी, थेट त्याच्या थोरल्या लेकीसारखी. कोण बरं ही, असं क्षणभर वाटलंही होतं. आणि तरी मेल्याने बूट वाचवायला तिचा चेहरा उडवला.

आई त्याच्याकडे वळली. "तू तर सगळं पाहिलंयस. सांग ना आत्याला. होते ना रे मी?"

एक शब्द पुरला असता. पण 'होतीस' म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच, मग गेले कुठे?

"नाही गं," तो म्हणाला. "तिथे कुणाचा चेहराच नव्हता."

आईने चष्मा काढला.

"असेल हो वन्सं," ती म्हणाली, "माझाच काहीतरी घोळ झाला असेल."