रंगूचं काय

पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा पुढे केला आणि रतनबाईंनी तोंड फिरवलं.

लकवा झाल्यापासून त्या अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्यामुळे उबाळे पाळक तिसगावच्या चर्चमधून प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या नावाची भाकर आणि प्याल्यात द्राक्षरस, त्यांच्या घरी आणत. रतनबाईंनी याआधी कधी नकार दिला नव्हता.

"आधी सांगा, रंगूचं काय?"

मागच्या दारी रंगुबाई त्यांची लुगडी धूत होती. शेजारची विधवा बाई, ख्रिस्ती नसलेली. तिची मुलं-सुना ऊसतोडीला गेलेली. रतनबाईंचा मुलगा पुण्याहून फोन करी. आंघोळ, वेणीफणी, हगणंमुतणं मात्र रंगुबाईच बघे. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे?"

"मी जाईन वर. ती माजी घाण काढती. तिला आत घेत्याल का न्हाई?"

पाळक तरुण होते. मागच्या रविवारच्या उपदेशात त्यांनी याचं उत्तर ठामपणे दिलं होतं. रतनबाईंनी ते मोबाईलवर ऐकलं होतं.

"तारण प्रभू येशूच्याच नावात आहे, रतनबाई. शास्त्र तसं सांगतं."

"मंग ऱ्हाऊ द्या तुमची भाकर."

डॉक्टरांनी आशा सोडली होती. ही वेळ कदाचित शेवटची. पाळक ताटली मांडीवर धरून बसून राहिले.

रंगुबाई पदराला हात पुसत आत आली. कपाळावर मढीच्या कानिफनाथांचा अंगारा होता.

"काय झालं?"

"घेत नाहीत," पाळक म्हणाले.

"कोरडं गिळत न्हाई तिला. द्या हिकडं."

तिने तुकडा त्यांच्या हातातून घेतला, प्याल्यातल्या द्राक्षरसात भिजवला आणि रतनबाईंची मान दंडावर घेतली.

"आक्का, तरास दिऊ नको. देवाचं हाय ना? घे."

रतनबाईंनी तोंड उघडलं.

घास उतरेपर्यंत रंगुबाई त्यांचा गळा चोळत राहिली. हनुवटीवरचा ओघळ तिने पुसला. बोटाला चिकटलेला ओला कण खाली टाकवेना, म्हणून स्वतःच्या तोंडात घातला.

बाप्तिस्मा न झालेल्याला प्रभुभोजन चालत नाही. तिला अडवायला पाळकांचा हात अर्धा उठला. रतनबाई टक लावून बघत होत्या.

पाळकांनी हात तसाच वर नेला.

"प्रभूची शांती तुम्हां दोघींबरोबर असो."

"आमेन," रतनबाई म्हणाल्या.

"झालं ना?" रंगुबाईने विचारलं. "मंग जरा धरा हिला. चादर बदलायचीय."

पाळकांनी ताटली खाली ठेवली.