अंगठ्याखालचे आकडे

माझा नवरा लिव्हिओ जहाजावर गेला की घरात आम्ही दोघीच उरायचो, मी आणि माझी सासू. तो मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे, महिनोन् महिने घरी नसतो. सासूबाई, म्हणजे नेव्हिया, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे आल्या आणि मग इथेच राहिल्या. आमचं भांडण असं कधी झालं नाही. पण भांडायला लागते तेवढी जवळीकही नव्हती. सकाळी त्या कॉफी करायच्या, मी दुकानात जायचे, संध्याकाळी समोरासमोर बसून जेवायचो आणि बातम्या लागल्या की दोघींचीही बोलण्यातून सुटका व्हायची.

त्यांची सगळी नोकरी आमच्या रियेका बंदराच्या गोदीत क्रेनवर गेली. जहाजाच्या सांगाड्याचे अख्खे तुकडे उचलून नेमक्या जागी टेकवायचे, खाली वेल्डर उभे असताना. इतक्या वर्षांत कुणाला खरचटलंसुद्धा नाही, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. लोक सांगायचे. बाजारात मासळी घ्यायला उभ्या राहिलो तरी एखादा म्हातारा पुढे यायचा आणि मला म्हणायचा, "ही वर बसलेली असली ना, की आम्ही मान वर करून बघायचोसुद्धा नाही." सासूबाई तेवढ्यात सार्डिनचे डोळे तपासत असायच्या, जणू तो दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय.

मी मोबाइल दुरुस्त करते. दिवसभर तेच केल्यावर घरी आल्यावरही माझ्या हाताला चैन पडत नाही. त्या वसंतात मी लिव्हिओसाठी हातात धरून खेळायचा गेम बनवायला घेतला होता. भर समुद्रात फोनला रेंज नसते, ड्युटी संपली की केबिनमध्ये करायला काही नसतं. लहान पडदा, बोर्ड, जुन्या फोनची बॅटरी, बटणं, सगळं जुळलं होतं. पण नुसत्या बटणांनी जहाज वळवण्यात मजा नाही, म्हणून मी अंगठ्याने फिरवायची छोटी जॉयस्टिक आणली.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर उजेड चांगला येतो, म्हणून काम तिथेच चालायचं. जॉयस्टिकला पाच वायरी. दोन वीज देण्याघेण्याच्या, एक आडव्या हालचालीची, एक उभ्या हालचालीची, एक दाबायच्या बटणाची. सोल्डरिंग करून मी त्या बोर्डाला जोडल्या. पडद्यावर नुसते आकडे आणले. काठी मोकळी सोडली की आकडा दोन हजारांच्या जवळपास उभा राहायचा, एका टोकाला ढकलली की शून्याकडे, दुसऱ्या टोकाला चार हजारांच्या वर. डब्यात बसवताना मात्र मी काठी आडवी बसवली, त्यामुळे वर ढकललं की पडद्यावरचा ठिपका डावीकडे पळायला लागला.

समोर सासूबाई ब्लिटवाची, म्हणजे पालकासारख्या भाजीची, पानं निवडत बसल्या होत्या. बराच वेळ त्यांनी ते बघून घेतलं.

"वर जा म्हटलं की डावीकडे जातोय," त्या म्हणाल्या. "लिव्हिओवरच गेलाय."

मला हसू आलं. वायरींची अदलाबदल करून मी तो डबा त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, आई, जरा बघा ना फिरवून. त्यांनी नाही म्हटलं, हात ओले आहेत म्हणाल्या, मग हात पुसून डबा घेतलाच. अंगठा काठीवर ठेवला. काठी त्यांनी हलवलीही नव्हती, तरी आकडे उड्या मारायला लागले. दोन हजार, एकवीसशे, एकोणीसशे, परत एकवीसशे.

"बिघडलंय तुझं खेळणं," असं म्हणून त्यांनी डबा पटकन खाली ठेवला.

मलाही तसंच वाटलं. कुठेतरी डाख कच्चा राहिला असणार. मी सगळे जोड पुन्हा तापवले. मग वायरी लांब आहेत म्हणून तोडून आखूड केल्या. दोन वायरींमध्ये छोटासा कपॅसिटर लावला, म्हणजे विजेतली खरखर गिळली जाईल. माझ्या अंगठ्याखाली आकडा दगडासारखा स्थिर. मी परत त्यांना दिला, परत उड्या. शेवटी काठीच खराब असेल म्हणून दुकानातून दुसरी आणली. शनिवारी सकाळी ती जोडली आणि सासूबाईंना पुन्हा एकदा अंगठा ठेवायला लावला.

आकडे तसेच नाचले. तेव्हा मी पहिल्यांदा पडद्यावरून नजर काढून त्यांच्या हाताकडे पाहिलं.

थरथर बारीक होती, पण एका लयीत होती. त्यांनी माझी नजर बघितली असेल का कोण जाणे. डबा ठेवून त्या बाल्कनीत वाळत घातलेले कपडे काढायला गेल्या. मला मात्र एकेक गोष्ट आठवत गेली. माझ्या कोटाचं बटण तुटलं तेव्हा त्यांनी ते स्वतः न लावता शिंप्याकडे टाक म्हणून सांगितलं होतं. कॉफी ओतताना त्या नेहमी माझ्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या. पूर्वी लिव्हिओला मेसेज लिहायच्या, त्या आता फोनच करायच्या. मी रोज दुसऱ्यांच्या फोनमधले केसाएवढे बिघाड शोधते, आणि हे माझ्या समोर बसून जेवत होतं.

विचारायचा मला धीर झाला नाही. मी मला जमतं ते केलं. प्रोग्राममध्ये अशी सोय केली की पडद्याने एकेका आकड्यावर न जाता मागच्या बऱ्याच आकड्यांची सरासरी धरावी. थरथर त्यात विरून जाते. मग संध्याकाळपर्यंत त्यावर एक छोटा खेळ लिहिला. धक्क्यावर क्रेन, समोर जहाज, हुकाला अडकवलेली पेटी उचलून जहाजावर ठेवायची. त्यांना आवडेल, असा माझा भाबडा हिशोब.

त्या खेळायला बसल्या. पेटी कशी अलगद निघाली, जहाजावर आली, टेकली. मी वाट बघत होते की आता काहीतरी बोलतील. त्यांनी दुसरी पेटी उचलली, अर्ध्यावर आणली आणि थांबल्या.

"यात काय घातलंयस?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, कुठे काय.

"ताजाना, माझा हात असा चालत नाही. मला माहितीये, तुलाही माहितीये."

मग मी सांगितलं. सरासरीचं सांगितलं, काठी उगाच बदलली तेही सांगितलं. म्हटलं, तुम्हाला बरं वाटावं म्हणून केलं.

"लपवायचं काम मी करतेच आहे," त्या म्हणाल्या. "त्यात तुझी आणखी भर कशाला?"

आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. मी गॅसवरचं पाणी बंद केलं आणि त्यांच्यासमोर बसले. कधीपासून आहे, विचारलं.

"माझ्या बाबांच्या कबरीवर मेणबत्ती लावत होते. काडी वातीला लागेचना. मला वाटलं, वारा आहे." त्यांनी टेबलावरचा कण बोटाने बाजूला केला. "वारा नव्हता."

ते दोन वर्षांपूर्वीचं. त्यांना वाटत होतं, हा तोच कंपवात, ज्याने त्यांच्या एका मैत्रिणीचं बोलणंचालणं सगळं गेलं. म्हणून डॉक्टरकडे गेल्याच नव्हत्या. लिव्हिओला कळलं तर तो बोट सोडून येईल आणि खुर्ची टाकून त्यांच्यासमोर बसेल, मग त्या खरंच आजारी पडतील, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, त्याच्याशी मी खोटं बोलणार नाही, पण तुमच्या आधी माझ्या तोंडून त्याला कळणारही नाही. आधी डॉक्टर. त्यावर त्या डबा माझ्याकडे ढकलून म्हणाल्या, ते सरासरीचं काढ.

मी त्यांच्यादेखत काढलं. लगेच पेटी पडद्यावर लटालटा कापायला लागली. बघवत नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, वर क्रेनच्या केबिनमध्ये तुम्हाला कधी भीती नाही वाटली?

त्या हसल्या. पहिलं वर्षभर पायसुद्धा लटपटायचे म्हणाल्या, हातांचं तर विचारूच नकोस. गोदीतले पुरुष खाली पैजा लावायचे, ही बाई कधी रडत उतरते म्हणून. मग एका जुन्या चालकाने त्यांना खालचा भार नीट बघायला सांगितलं. "वर माझा हात कापत होता, पण खाली एवढा लांब दोर होता ना. बारीकसारीक थरथर त्या लोखंडापर्यंत पोचायचीच नाही. पोचायचं ते मी मनापासून ढकललेलं. ते बघितलं आणि माझी भीती गेली. हात मागाहून थांबले."

मी पडद्यावरच्या क्रेनकडे बघितलं. मी पेटी क्रेनच्या टोकाला चिकटवली होती. खेळात दोरच नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारभर बसून मी दोर घातला. लांब आणि जड, आपल्या चालीने झुलणारा. काठीवरचा अंगठा जसा असेल तसाच वर क्रेनच्या टोकाला पोचत होता, काहीही न गाळता. सासूबाईंनी डबा घेतला. वरचं टोक थरथरत होतं, स्पष्ट दिसत होतं. खालची पेटी मात्र शांत लटकली होती. त्यांनी काठी ढकलली, पेटी मागे राहून मग निघाली, जहाजावर येऊन पुढे झुलायला लागली. तेवढ्यात त्यांनी टोक तिच्यामागे नेलं, झोका मेला, पेटी टेकली. मला ते आजतागायत जमलेलं नाही.

"हां," त्या म्हणाल्या. "हा माझा हात."

बुधवारी कॉफी पिता पिता त्यांनी स्वतःच विचारलं, डॉक्टरांची वेळ घ्यायला कुठे फोन करायचा.

वेळ मिळायला बरेच आठवडे गेले. डॉक्टरीण तरुण होती. तिने त्यांना चालायला लावलं, कागदावर गोल गोल वेटोळं काढायला लावलं, कोपरं वाकवून बघितली. म्हणाली, तुम्ही ज्याला घाबरलात तो आजार नाही. ही नुसती थरथर, बहुतेक वेळा घराण्यातून येते. गोळ्यांनी कमी होईल, पूर्ण जाणार नाही. मग तिने विचारलं, घरात आणखी कुणाला होतं का?

नाही, असं सासूबाई म्हणाल्या. नंतर बसस्टॉपवर उभ्या असताना म्हणाल्या, "माझ्या वडिलांना होतं."

मी त्यांच्याकडे वळले.

"ते रोज ग्लासभर वाइन घ्यायचे. सगळे घेतात. पण हात कापायचे म्हणून आम्ही त्यांना दारुडा ठरवलं. आई म्हणायची, मीही म्हणायचे. लिव्हिओ तान्हा होता तेव्हा ते हात पुढे करून उभे होते, आणि मी म्हटलं, नको, पाडाल." बस आली, दार उघडलं, त्या हलल्याच नाहीत. "वाइन घेतल्यावर हात कमी कापायचा त्यांचा. डॉक्टरीण आत्ता म्हणाली ना, थोडी घेतली की थांबते? आम्हाला वाटायचं, सवय झालीये म्हणून थांबतो."

ती बस आम्ही जाऊ दिली. मी त्यांचा हात धरला. याआधी कधी धरला होता, मला आठवत नाही. तो माझ्या हातात बारीक थरथरत होता, आणि त्यांनी तो काढून घेतला नाही.

त्याच आठवड्यात लिव्हिओचा फोन आला, सिंगापूरहून. सासूबाईंनी मला समोर बसवलं, फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला आणि त्याला सगळं सांगितलं. आधी हाताचं, मग आजोबांचं. त्याला आजोबा अंधुक आठवत होते. मग तो म्हणाला, मी येऊ का?

"कशाला? येऊन काय धरणार आहेस, माझा हात?" त्या म्हणाल्या. "ठरल्यावेळी ये. आणि ऐक, तुझेही हात बघत जा अधूनमधून. दिसलं काही तर सांग. आमच्यासारखं करू नकोस."

"बघतो, आई," तो म्हणाला. मग म्हणाला, "आत्ता तरी नीट आहेत."

"आत्ता माझेही नीट आहेत," टेबलावरचा थरथरता हात न झाकता त्या म्हणाल्या, आणि त्याला जेवलास का म्हणून विचारलं.