लाल टोकाच्या नऊ काड्या

लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. यापुढे मासे नाहीत. मी अलिबागची, पण तेव्हा प्रेमात होते, म्हणजे अक्कल गहाण टाकलेली. म्हणाले, चालेल. त्यानंतरच्या सहा वर्षांत मी जर्मनीतल्या एर्लांगेनच्या घरात एक साधा बोंबीलसुद्धा शिजवला नाही. केलरमध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या तळघरात, वॉशिंग मशीनशेजारी उभं राहून सार्डिनचे डबे मात्र खाल्ले. केलर म्हणजे काही घर नव्हे, असं माझं मत आहे आणि ते मी कुणाला विचारायला गेले नाही.

२००६च्या मे महिन्यात आई, म्हणजे सासूबाई, तीन महिन्यांसाठी आल्या आणि माझी पंचाईत झाली. मी डबे साबणाच्या खोक्यामागे सारले. पण खाली जायची सोयच उरली नाही, कारण आल्या आल्या त्यांनी कपडे धुण्याचं काम स्वतःकडे घेतलं. नंदिनी, तू दमून येतेस, म्हणाल्या, केलरमध्ये मी जात जाईन. किती गुणाची बाई, असं मला अगदी मनापासून वाटलं. पुढे एकदा चोरून खाली गेले तर आठ डब्यांचे पाच झालेले. मी सरळ शेजारच्या फ्राऊ वेबरवर संशय घेतला आणि महिनाभर तिला सकाळचं 'मॉर्गेन' म्हणणंही बंद केलं.

जुलैत माझ्या नवऱ्याच्या, श्रीरंगच्या, ऑफिसातल्या कुणीतरी त्याला एका बास्क बारचं नाव सांगितलं. बास्क म्हणजे स्पेनच्या वरच्या अंगाचे लोक, ही माहिती त्याने बसमध्येच आम्हाला दोनदा दिली. तिथे काउंटरभर थाळे मांडलेले. पावाच्या चकतीवर काहीतरी रचायचं आणि वरून लाकडी काडी खुपसायची, याला ते पिंचो म्हणतात. हवं ते आपल्या हाताने उचलायचं, कुणी लिहून घेत नाही. शेवटी बशीतल्या काड्या मोजतात आणि तेवढं बिल. माईते नावाच्या मालकीणबाईंनी शाकाहारी पिंचोला हिरव्या टोकाची काडी लावली होती, मासळीला लाल आणि मांसाला काळी. श्रीरंग खूश. आई, हिरवं बघून बिनधास्त खा, म्हणाला. स्वतः मात्र त्याने बटाट्याचं ऑम्लेट धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

आणि माझ्यासमोर मांदेली असावीत तशी चकचकीत मासळी, वर मिरची आणि ऑलिव्ह. अहो, माणसाने किती सहन करायचं? आईंना आणखी ऑलिव्ह आणते, असं सांगून मी काउंटरपाशी गेले आणि पाठ फिरवून एक पिंचो तोंडात टाकला. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. मग आईंना मी इतके ऑलिव्ह आणून दिले की त्या शेवटी नको म्हणाल्या. चार लाल काड्या मी पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून ठेवल्या. पैसे बुडवायचे नव्हते. निघताना माईतेच्या हातात गुपचूप द्यायच्या, असा माझा बेत होता. आईंचं लक्षही नव्हतं, त्या सारख्या हात धुवायला उठत होत्या. चिकट हात त्यांना खपत नाहीत.

सगळं नीट पार पडलं असतं. पण खाणं संपताच आईंनी घरच्यासारखी उष्टी काढायला घेतली. माझी बशी ओढली, श्रीरंगची ओढली, तिघांचे नॅपकिन, काड्या, चुरा सगळं एका बशीत लोटलं आणि रिकाम्या बश्या खाली रचल्या. मी नको नको म्हणेपर्यंत बशी माईतेच्या हातात गेलीसुद्धा. तिने काड्या निवडल्या. हिरव्या पंधरा, लाल नऊ.

नऊ? मी खाल्ले चार!

श्रीरंग हसला आणि काहीतरी घोटाळा आहे म्हणाला, आम्ही शाकाहारी आहोत. माईते म्हणाली, काड्या तुमच्याच बशीतल्या आहेत. मग त्याच्यातला इंजिनियर पेटला. आल्झो, म्हणजे थोडक्यात काय तर, दुसऱ्या टेबलच्या काड्या आमच्यात मिसळल्या असणार, ही पद्धतच चुकीची आहे, असं त्याने मोठ्याने ऐकवलं. माईतेचा चेहरा उतरला. चाळीस माणसं तिच्या बारमध्ये नुसत्या भरवशावर खात होती आणि ती सगळी आता आमच्याकडे बघत होती. मी आईंकडे पाहिलं. त्या टेबलावरचा चुरा बोटाने गोळा करत होत्या.

बोलले तर सहा वर्षांची अब्रू जाणार होती. पण त्या बाईला खोटं पाडून गप्प बसायचं म्हणजे फारच झालं.

"माझ्या आहेत," मी म्हणाले. "नऊच्या नऊ."

श्रीरंगने मुकाट्याने बिल दिलं. बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत बसला. बाल्कन्यांवर वर्ल्डकपचे झेंडे अजून लोंबत होते. मला रडू येत होतं आणि राग तर त्याहून जास्त, कारण पाच काड्यांचा हिशेब काही केल्या लागत नव्हता.

घरी आल्यावर आईंनी कपड्यांची टोपली उचलली आणि मला हाक मारली, जरा खाली चल. मी फाशीला निघाल्यासारखी जिना उतरले. केलरचं दार त्यांनी आतून लावून घेतलं. साबणाचं खोकं बाजूला सरकवलं. मागे एकच डबा उरला होता.

"आई, मी सांगणारच होते..."

"पाच माझ्या होत्या," त्या म्हणाल्या. "हात धुवायची वाट काउंटरवरूनच जाते."

त्यांनी सराईत बोटाने डब्याची कडी ओढली, पदराला तेल लागू न देता. मग हळू आवाजात म्हणाल्या, "माझं माहेर वेंगुर्ल्याचं. लग्नात मलाही हेच सांगितलं होतं. मी पस्तीस वर्षं पाळलं गं. आणि तुझ्याकडूनही तेच मागून घेतलं."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि तितकीच मायाही. उभ्या उभ्या आम्ही तो डबा अर्धा अर्धा संपवला.

"श्रीरंगला कळलंच आहे, तर आता मासे उघडपणे आण घरात," बोटं पुसत आई म्हणाल्या. "मी एक अक्षर बोलणार नाही. ताट मात्र तुझं एकटीचंच मांड. भरपूर वाढून घे." त्यांनी टोपली कडेवर घेतली. "उष्टी मी काढीन."