धरून ठेवलेली जागा

चष्मेवाल्याने पाचवा कागद बाजूला ठेवला, पुन्हा उचलला आणि त्यावरच्या गाडीच्या नंबरावर बोट टेकवून बसला. सकाळी साडेआठ ते रात्री आठ. नंबर त्याच्याच गाडीचा होता.

"झालं का?" काउंटरवर एका फ्रेमचा स्क्रू आवळता आवळता बायकोने विचारलं. "चारला सुनावणी आहे. तीन वाजून गेले."

"होतंय."

होत काहीच नव्हतं. या रस्त्यावर तासाहून जास्त गाडी उभी करायची नाही, असा नियम पालिका पहिल्या तारखेपासून आणणार होती. गिऱ्हाईक आधीच रोडावलेलं. दुकानाचा भाडेकरार दोन महिन्यांत संपत होता, आणि असंच चाललं तर तो वाढवायचा नाही, हे नवराबायकोत न बोलता ठरून गेलं होतं. त्यात हा नियम म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. व्यापारी मंडळाचा सेक्रेटरी म्हणून त्यानेच छाती ठोकून सांगितलं होतं, आपण मोजणी करू, कोण किती वेळ गाडी लावतं ते लिहून काढू आणि सुनावणीत पालिकेच्या तोंडावर मारू. सोमवारी प्रत्येक दुकानदाराने आपापल्या दारासमोरच्या जागेची दिवसभर नोंद केली, आणि तीही इमानेइतबारे.

तिथेच घोळ झाला. एकूण जागा बावीस. त्यांतल्या सतरा जागी सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत एकच गाडी उभी, आणि ती त्या त्या दुकानदाराची.

यात लबाडी कुणाचीच नव्हती. सकाळी लवकर येऊन दारासमोर आपली गाडी लावायची आणि नेहमीचं गिऱ्हाईक आलं की ती काढून त्याला जागा द्यायची, ही या पेठेची जुनी रीत. याला जागा धरून ठेवणं म्हणत. चष्मेवाला ती वडिलांकडून शिकला होता. फक्त आपण गाडी शेवटची कधी काढून दिली, ते त्याला काही केल्या आठवेना.

सहावा कागद शेजारच्या चपलांच्या दुकानाचा. त्याच्या तळाशी एक जादा ओळ होती. 'पांढरी गाडी, मागे वयस्कर बाई. तीन फेऱ्या मारून गेली.'

त्याने ड्रॉवर उघडला. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंचा चष्मा तीन आठवडे पाकिटात पडून होता. सोमवारीच त्यांचा फोन आला होता. "मुलगा घेऊन आला होता रे. पण जागा मिळेना, आणि या गुडघ्याने लांबून चालवत नाही. राहू दे, येईन कधीतरी." सुनावणीतल्या भाषणाची सुरुवात तो बाईंच्याच उदाहरणाने करणार होता.

त्याने ड्रॉवर लावला.

"हे कागद दाखवले, तर मंडळ मला फाडून खाईल."

बायकोने कागद ओढून घेतले. एकेक वाचत गेली.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," ती म्हणाली, पण हसली नाही. "आधी बाईंना बोलवा. नाहीतरी गाडी काढायचीच आहे तुम्हाला."

त्याने फोन लावला. बाई घरीच होत्या, मुलालाही सुट्टी होती. दहा मिनिटांत येतो म्हणाल्या. तेवढ्या वेळात त्याने सतरा कागद ड्रॉवरमध्ये चष्म्याखाली सारले आणि उरलेले पाच फाइलला लावले. बायको बघत होती. तो तिच्याकडे न बघता बाहेर पडला.

कोपऱ्यावर पांढरी गाडी दिसली तशी त्याने आपली बाहेर काढली. कित्येक दिवसांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं. आरशात पाहिलं, तर चपलांचा दुकानदार जेवून गाडीने परत येत होता. त्याच्या दारात धाकट्या भावाची गाडी उभी होतीच. त्याने झोकात वळण घेतलं आणि आपली गाडी रिकाम्या जागेत घातली.

"जा बिनधास्त, सेक्रेटरी!" खिडकीतून हात काढून तो ओरडला. "तुमची जागा धरून ठेवलीये!"

चष्मेवाल्याने हॉर्न वाजवला. शेजाऱ्याने तो आभार समजून हात हलवला.

पांढरी गाडी दुकानासमोर हळू झाली, क्षणभर घुटमळली आणि पुढे निघाली. मागच्या सीटवर बाई डोळे बारीक करून त्याच्या पाटीकडे बघत होत्या. त्यांचा मुलगा चौकातून डावीकडे वळला, पुन्हा डावीकडे वळला. चष्मेवाला त्याला पुढे जाऊ देऊन त्याच्या मागोमाग निघाला होता. दोन्ही बाजूंना ओळखीच्या गाड्या उभ्या होत्या. प्रत्येक नंबर आता त्याला तोंडपाठ होता.

सिग्नल लागला. त्याने बायकोला फोन केला.

"पांढरी गाडी परत येतेय. बाईंचा चष्मा घेऊन दारात ये. आणि ड्रॉवरमधले कागद आण."

"कुठले?"

"सतराच्या सतरा."

पलीकडे ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला.

"आणते," ती म्हणाली. "पण आत येऊन नीट फाइलला लावून न्या ना. दोन मिनिटांचं काम."

"खिडकीतूनच दे," तो म्हणाला. "मी थांबू कुठे?"