एक मिनिट अकरा सेकंद

हेल्मेटची काच वर सरकवत बादशहानं विचारलं, "किती?"

खतिजानं हातातल्या घड्याळाकडं पाहिलं. एक मिनिट अकरा सेकंद. तिनं अंगठ्यानं बटण दाबून आकडे पुसले आणि म्हणाली, "एक चार."

"चार?" तो हसला. "गेल्या महिन्यात तीन हुतं. असूदे. टायर गार हायत अजून."

त्यानं काच खाली केली आणि लाल रंगाची ती ठेंगणी गाडी पुन्हा ट्रॅकवर गेली. खतिजा कट्ट्यावर बसून राहिली. एप्रिल होता, नऊ वाजताच माळावर ऊन चढलं होतं.

कोल्हापूरबाहेरचा हा ट्रॅक महिन्याच्या शेवटच्या रविवारी स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांसाठी खुला असे. बाकीचे लोक मित्रांना घेऊन येत. बादशहा शिकलगार बायकोला घेऊन येई. अकरा वर्षं खतिजा या कट्ट्यावर बसून फेऱ्यांची वेळ घेत होती. ती महापालिकेच्या उर्दू शाळेत शिक्षिका होती, आणि गाड्यांचं वेड तिला कधीच नव्हतं. पण आठवडाभर लाकडाच्या भुशात वाकून काम करणारा हा अबोल माणूस फेरी मारून आला की कसा उजळतो, ते पाहायला तिला आवडायचं.

बादशहा उद्यमनगरात पॅटर्न बनवायचा. फौंड्रीत जो भाग ओतायचा, तो आधी लाकडात हुबेहूब कोरावा लागतो. त्याच्यावरून वाळूचा साचा होतो. चाळीस वर्षांत त्यानं पंपांचे, ट्रॅक्टरचे, उसाच्या चरकांचे हजारो भाग सागवानात कोरले होते. गाडी त्यानं वीस वर्षांपूर्वी गोव्याच्या एका हॉटेलवाल्याकडून आणली होती. दोन सीटची, फायबरच्या अंगाची, छत मागं दुमडणारी. समुद्राच्या हवेनं खालचा सांगाडा कुजला होता. इंजिन लहानच, पण गाडीचं वजनच मुळी नव्हतं. बादशहानं ते आणखी उतरवलं. एसी काढला, टेप काढला, जाड सीट काढून पातळ घातल्या. जे भाग बाजारात मिळेनात त्यांचे पॅटर्न स्वतः कोरले आणि ॲल्युमिनियममध्ये ओतून घेतले. नव्या, ताकदवान गाड्या सरळ पट्ट्यावर त्याला मागं टाकत. वळणावर मात्र तो त्यांना गाठायचा. एक मिनिट दोन सेकंद ही त्याची सगळ्यांत चांगली वेळ होती, आणि त्या इंजिनाच्या गाडीत ट्रॅकवर दुसऱ्या कुणाला ती जमली नव्हती.

पावसाळ्यात त्याच्या डाव्या हातातून लाकूड कोरायची पटाशी सुटली. आधी वाटलं, थकवा असेल. मग अंगठ्याचं मांस उतरायला लागलं. नोव्हेंबरात मिरजेच्या डॉक्टरांनी सुया टोचून तपासण्या केल्या आणि दोघांना समोर बसवून सांगितलं. नसा स्नायूंना हुकूम देईनाशा झाल्या आहेत. आज हात, मग दुसरा हात, मग पाय, शेवटी गिळणं आणि श्वास. औषधानं थोडा वेग कमी होतो, एवढंच.

"आनि गाडी?" बादशहानं विचारलं.

"हात साथ देईल तोवर. पण तुम्हीच लक्ष ठेवा."

त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळात एक पाच आलं. तो समोर उभा राहून तिच्या तोंडाकडं बघत होता. आधीच्या चार रात्री तो झोपला नव्हता. खतिजाच्या तोंडून आपोआप गेलं, "एक दोन."

त्यानं बॉनेटवर थाप मारली. घरी जाताना वाटेत गाडी थांबवून दोन गरम वडे खाल्ले, तिला एक बळंच खायला लावला. पंधरा दिवसांत त्यानं पहिल्यांदा पोटभर खाल्लं होतं.

मग तिला थांबता आलं नाही. एक सातला ती एक तीन म्हणायची, एक नऊलाही एक तीनच. त्याला खरं वाटावं म्हणून कधी एखादा सेकंद वाढवायची. हे सगळं एका माणसाला चार घास जावेत म्हणून, असं ती स्वतःला सांगायची. मग फेब्रुवारी आला. त्यांची एकुलती एक मुलगी मेहक पुण्यात बँकेत होती. तिनं कोल्हापूरला बदलीचा अर्ज केला होता आणि तो मंजूर व्हायच्या बेतात होता. बादशहानं तिला फोन लावला.

"बदली-बिदली काय नको. माझा आजार थांबलाय. डॉक्टर काय बी म्हणू दे, घड्याळ तेवढंच दाखवतंय की. तू तुझी नोकरी कर निवांत."

खतिजा शेजारीच पोळ्या लाटत होती. ती लाटतच राहिली. मेहकनं अर्ज मागं घेतला, ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

"भाभी."

खतिजा दचकली. उदयसिंह शेजारी येऊन उभा होता. ट्रॅकची सगळी व्यवस्था तोच बघायचा. तरुणपणी स्वतः शर्यती मारायचा, आणि त्याच्या शर्यतीच्या गाडीचे कितीतरी पॅटर्न बादशहानं कोरले होते.

"मी बी घड्याळ लावतो, भाभी," तो हलक्या आवाजात म्हणाला. "एक अकरा. मगाशी उतारावर गिअर पडला न्हाय त्याचा. मागनं डॉक्टर येत हुता, त्यानं ब्रेक मारला म्हणून वाचलं."

डॉक्टर म्हणजे पृथ्वीराज, दातांचा दवाखाना असलेला तिशीतला माणूस. निळी गाडी त्याची.

"आता थांबवाय पायजे त्याला," उदयसिंह म्हणाला. "झेंडा दाखवून मी ट्रॅकबाहेर बोलवू शकतो. पण चारचौघांत तसं करायला माझा हात उचलत न्हाय. तुमी सांगा."

"सांगते," खतिजा म्हणाली. "ह्या फेऱ्या हुंदेत. बाहेर आले की सांगते."

उदयसिंहानं हातातला काळा झेंडा तिथंच कट्ट्यावर ठेवला.

पुढची फेरी तिनं उभं राहून पाहिली. लाल गाडी उतारावरून आली. खालच्या डाव्या वळणाआधी तिसऱ्यातून दुसऱ्या गिअरमध्ये यावं लागतं. इंजिनाचा आवाज चढला, बदलला नाही. बादशहाची मान खाली गेली. तो आपल्या हाताकडं बघत होता. तेवढ्यात गाडी आपली रेघ सोडून सरळ बाहेर गेली, आणि बाहेरच्या बाजूनं पृथ्वीराज आला होता. निळी गाडी धडक वाचवायला आणखी बाहेर वळली, मातीवर गेली, आडवी फिरली आणि टायरांच्या भिंतीवर दारानं आदळली.

लाल गाडी थोडं पुढं जाऊन गवतात थांबली. तिला काही झालं नव्हतं.

पृथ्वीराजला बाहेर काढायला दहा मिनिटं लागली. तो शुद्धीवर होता, पण उजवा खांदा विचित्र खाली उतरला होता आणि ओठ पांढरे पडले होते. त्याला जीपमध्ये घालून नेलं. बादशहा हेल्मेट काढून गवतात उभा होता. उदयसिंह त्याच्याकडं चालत आला तो ओरडतच.

"मर्दा, तुला कळत न्हाय व्हय? एक अकरावर आलायस तू! एक अकरा! कशाला अंगाबाहेर गाडी पळवतोस?"

"एक चार," बादशहा म्हणाला.

"काय?"

"एक चार हाय माझं. आत्ताच."

उदयसिंहानं खतिजाकडं पाहिलं. मग बादशहानंही पाहिलं. तिनं मान खाली घातली.

गाडी तिथंच ठेवून उदयसिंहानं दोघांना घरी सोडलं. घरी आल्यावर बादशहा चपला न काढताच खुर्चीवर बसला.

"कधीपासनं?"

"पैल्यापासनं."

"म्हंजे आपन मिरजेला गेलतो तवापासनं."

"तुमाला बरं वाटंल म्हणून..."

"वाटलं की. लई बरं वाटलं." त्याचा आवाज चढला नाही, आणि तेच तिला सोसेना. "रोज हात बघत हुतो मी, खतिजा. गिलास सुटत हुता, पटाशी सुटत हुती. तवा मनाला म्हणायचो, हात खोटं बोलतोय, घड्याळ न्हाय बोलत. चाळीस वर्सं मापावर जगलो मी. माप सांगंल ते खरं. तू माझं मापच काढून घेतलंस की."

"मी चुकले."

"त्या पोरीला मी येऊ नको म्हनलं. तू हितं बसून पोळ्या लाटत हुतीस."

खतिजा रडली नाही. शाळेत खोटं बोललेल्या मुलांना ती जसं उभं करायची तशी ती भिंतीला टेकून उभी राहिली. त्यानं तिला बस म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेले. पृथ्वीराजच्या खांद्याचं हाड तीन ठिकाणी मोडलं होतं, आत धातूची पट्टी बसवावी लागली होती. दात काढायला हात पुन्हा पहिल्यासारखा चालेल की नाही, हे सहा महिन्यांनी कळणार होतं. त्याची आई उशाशी बसली होती. ती या दोघांकडं बघून बाहेर निघून गेली.

"काका, ट्रॅकवर व्हायचंच असं," पृथ्वीराज म्हणाला.

"ट्रॅकनं न्हाय केलं. मी केलं."

"यांनी न्हाय," खतिजा म्हणाली. "मी केलं, डॉक्टर." आणि तिनं त्याला सगळं सांगितलं. कुठून सुरू झालं, कितीला किती म्हणाली, झेंडा कट्ट्यावर कुणामुळं राहिला. पृथ्वीराज ऐकत होता. ती थांबल्यावर त्यानं तोंड भिंतीकडं वळवलं. म्हणाला, "मला झोप येतेय."

मे महिन्यात आजऱ्याचा एक काजू कारखानदार येऊन गाडी घेऊन गेला. बादशहानं त्याला तासभर सगळं समजावलं. गार असताना दुसरा गिअर जोरात ओढायचा नाही, पावसात छताचे कोपरे कुठं गळतात, कुठला भाग बाजारात मिळणार नाही. ज्या भागांना पर्याय नव्हता त्यांचे सगळे लाकडी पॅटर्न त्यानं कापडात गुंडाळून गाडीसोबत दिले. त्याच्या कामावरचा तीस वर्षांपासूनचा सोबती पिराजी गाडी वळेपर्यंत रस्त्यावर उभा राहिला. बादशहा बाहेर आला नाही.

खतिजाशी तो आता बोलायचा, पण लागेल तेवढंच. जेवण झालं, औषध दे, दार लाव. ती घास भरवायला पुढं झाली की तो उजव्या हातानं चमचा घ्यायचा. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी त्यानं तिच्यासमोर फोन धरला.

"मेहकला लाव. बोटं लागंनात त्याला."

तिनं लावला आणि त्याच्या कानाला धरला.

"मेहक? अब्बा बोलतोय. आजार थांबला न्हाय. वाढलाय." पलीकडनं मेहकनं काहीतरी विचारलं. "व्हय. जमलं तर ये."

मेहकनं बिनपगारी सहा महिन्यांची रजा टाकली. ती ज्या दिवशी येणार, त्या दिवशी बादशहा सकाळीच तयार होऊन बसला. घरी थांबा, असं खतिजानं दोनदा सांगितलं. तो ऐकेना.

एसटी स्टँडवर गाडी अर्धा तास उशिरा आली. मेहक उतरली, तिनं अब्बांना पाहिलं, आणि नोव्हेंबरात पाहिलेला माणूस तिला सापडेना. तरीही ती हसली. तिच्याकडं एक मोठी बॅग होती आणि एक लहान.

"आन हिकडं," बादशहा म्हणाला.

"अब्बा, राहूदे."

"आन म्हनतो की."

मेहकनं आईकडं पाहिलं. खतिजानं लहान बॅग तिच्या हातातून घेतली आणि पट्टा बादशहाच्या मानेवरून, उजव्या खांद्यावर नीट बसवला. त्यानं तो बसवू दिला. मग तो रिक्षांच्या दिशेनं चालायला लागला, डावा पाय जरा ओढत, बॅग कमरेवर आपटत. मागून येणारे लोक त्याला वळसा घालून पुढं जात होते. त्या दोघी मात्र मोठी बॅग दोन्हीकडून धरून त्याच्या मागं, त्याच्याच चालीनं येत राहिल्या.